कपाळापर्यंतचा फोटो

कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात मी कामगारांची ओळखपत्रं करायचो. छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढला की तो डेटाबेसमध्ये जायचा. तिथं उघडून पाहिलं तर चेहरा दिसत नसे; आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबच लांब माळ दिसे. फोटोतला कण न् कण साध्या अक्षर-आकड्यांच्या खुणांत मांडलेला. मी शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. सगळं कळतं, असं माझं मलाच वाटायचं.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मी एकेक माळ पडद्यावरून उचलली, नव्यात चिकटवली आणि जुना पुसून टाकला. माळ फार लांब असली की पडदा ती पुरती दाखवत नाही, मधेच तोडतो. हे मी तपासलं नाही. एखादा फोटो उघडून बघायचाही कंटाळा केला. सगळेच फोटो तुटले. बाकीच्यांना पुन्हा कॅमेऱ्यापुढं उभं करता आलं.

राहू गावचे एक आबा आले. बापजाद्यांनी मेंढरं राखलेली, यांचा ऊस. त्यांचा मुलगा आमच्याकडं कामाला होता. वरवंडजवळ ट्रकनं उडवलं त्याला, जागीच गेला.

"साहेब, तुमच्या डब्यात पोराचा फोटू हाय म्हणत्यात. घरी येकबी न्हाई."

"डब्यात लोणचं असतंय, आबा," त्यांना गेटवरून घेऊन आलेला वॉचमन म्हणाला. आबाही जरासे हसले.

मी माळेचा परत फोटो करून दाखवला. केस आले, कपाळ आलं. खाली नुसतं करडं.

आबा पडद्याजवळ सरकले. "माझाच हाय. ही खोक बघा, एडक्यानं शिंग मारल्यालं." बोट काचेवरून खाली आलं आणि थांबलं. "आन् डोळं?"

"मशीन बिघडलंय, आबा. दुरुस्त झालं की येतील."

ते आता कुठंच उरलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण मीच पुसले, हे तोंडातून निघेना.

आबा येत राहिले. "झालं का वो मशीन? म्हातारी इचारती." एकदा काळी घोंगडी घेऊन आले. "दुरुस्ती करतोय त्याला द्या. नेटानं करंल." मी ती घेतली.

पुढं मला दौंडला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी गेटवर वॉचमनला म्हणालो, "आबा आले तर सांग, मशीन पुण्याला नेलंय."

"कवा येईल म्हणून सांगू?"

मी किक मारली. घोंगडी मागच्या सीटला बांधलेली होती.