ग्रंथपालांना दिसलेलं टिंब

चौसाळ्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. आमची बरीच पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांचे बुडालेले तास त्यांना मिळावेत म्हणून आम्ही शिक्षकांनी तास रेकॉर्ड करून लॅबमधल्या एका जुन्या लिनक्स मशीनवर ठेवले. इंटरनेट गेलं तरी कॉलेजच्या आत ते उघडायचे. अडचण एवढीच, की त्या मशीनचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. पोरं एखादा आकडा चुकवायची आणि "मॅडम, काईच न्हाई त्याच्यात," म्हणून उठून जायची.

आमचे ग्रंथपाल सर निवृत्तीला आलेले. कॉम्प्युटरला शक्यतो हात लावायचे नाहीत. एका दुपारी मला म्हणाले, "मॅडम, पुस्तक मागायला कुणी नंबर सांगत न्हाई, नाव सांगतं. ह्या मशीनला नाव देता येत न्हाई का?"

देता येतं. नाव विचारलं की आकडे सांगणारा सर्व्हर, म्हणजे डीएनएस, त्याच मशीनवर बसवायचा. वर्गात मी तो कैक वेळा समजावला होता. स्वतः मात्र एकदाही उभा केला नव्हता, आणि हे मी सरांना सांगितलं नाही.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर बसले. प्रोग्राम बसवला, नावांची फाइल लिहिली, तपासायची कमांड दिली. फाइल नाकारली गेली. चूक दाखवणाऱ्या संदेशात कॉलेजचं नाव दोनदा, एकाला एक चिकटून आलेलं. फाइल चार वेळा वाचली तरी चूक दिसेना. माझा धीर सुटत चालला होता.

तेवढ्यात वाचनालयाला कुलूप लावून सर आले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि चष्मा चढवला.

"मी बघू का?"

"सर, ह्याचा अर्थ लागायचा नाही तुम्हाला."

"अर्थ न्हाई बघायचा मला. जन्मभर पुस्तकांची कार्डं लिहिलीत." पडद्यावरून बोट फिरवत ते एका ओळीशी थांबले. "वरच्या ओळीत नावाच्या शेवटी टिंब हाय. ह्या ओळीत न्हाई. कावून?"

ते टिंब नसलं की सर्व्हरला नाव अपुरं वाटतं, आणि तो पुढं कॉलेजचं नाव स्वतःच जोडतो. टिंब टाकलं. फाइल मान्य झाली.

"सर, हे तर मी परीक्षेत विचारते," मी कशीबशी म्हणाले.

"असू द्या. माझ्याकडून पण लई सुटायची टिंबं."

सोमवारी कॉलेजच्या राउटरला सांगितलं, की नावं आता ह्या मशीनला विचारायची. पाडव्यानंतर अकरावीची एक मुलगी थेट फडावरून परतली. तळहातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसवून तिला मशीनचं नाव सांगितलं, तिनं टाइप केलं, आणि रसायनशास्त्राचा तास सुरू झाला. एकामागून एक तीन तास तिनं ऐकले. वाचनालय बंद करायची वेळ झाली तशा सरांनी बाकीच्या खिडक्या लावून घेतल्या, तिच्या बाजूची तेवढी उघडी ठेवली आणि दाराशी पेपर वाचत बसले.