एक मिनिट गाडी चालू ठेवा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला नांदेडहून माणूस येतो, काट्यावर टाकतो आणि घेऊन जातो. किस्से नेणारा अजून कोणी भेटला नाही. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज, मी आणि गफूरचाचा असे दोन मिस्त्री. पंधरा-वीस वर्षांत जे साठलं त्यातले एकाच रोगाचे किस्से आज काढतो, कारण या रोगानं माझं जेवढं रक्त आटवलं तेवढं बायकोनं आणि पोरांनी मिळूनही आटवलं नाही. रोगाचं नाव, एक मिनिट न थांबणे!

आधी थोडी मिस्त्रीगिरी सहन करा. नव्वदच्या दशकात आमच्याकडे यायच्या त्या जीपा साध्या होत्या. दोन हजारनंतर टर्बोच्या गाड्या यायला लागल्या. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारं मुठीएवढं चाक. मिनिटाला लाखभर फेरे मारतं आणि इंजिनाच्या ऑइलवर तरंगत फिरतं. गाडी जोरात पळवून आणली आणि थांबताक्षणी बंद केली, की ऑइल यायचं थांबतं, चाक मात्र तापलेलं, कोरडं, तसंच फिरत राहतं. म्हणून बंद करायच्या आधी मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवायची. एवढंच. माणसाची तंबाखू मळून होत नाही तेवढ्यात काम होतं. पण नाही!

*

आमच्या भागातल्या ड्रायव्हरांची एक जुनी रीत आहे. गाडी थांबली की ॲक्सिलेटरवर पाय दाबून एक जोरदार रेस द्यायची, व्रूंSSS, आणि त्या आवाजातच चाबी फिरवायची. का, ते कोणालाच माहीत नाही. उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं. साध्या जीपला त्यानं काही होत नव्हतं. टर्बोला मात्र हे म्हणजे पळत्या माणसाला ढकलून देऊन वर त्याचं पाणी तोडण्यासारखं आहे.

एका पठ्ठ्यानं माझ्यासमोर अशी रेस देऊन नवी कोरी गाडी बंद केली. मी ओरडलो, "अरे, काहून मारून राहिला तिला?"

तो म्हणाला, "मिस्त्री, बिना रेसचं बंद केलं की गाडी बंद झाल्यासारखी वाटतच न्हाई."

गफूरचाचा पाना पुसत म्हणाले, "गाडी बदली, पाँव नै बदला."

*

बरं, थांबणाऱ्याचं तरी भलं होतं का? नरसी नामदेवला भाविकांची ने-आण करणारा एक जीपवाला होता. त्याला मी घसा कोरडा करून समजावलं. बिचाऱ्यानं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी नरसीला जीप उभी केली आणि इंजिन चालू ठेवून शांत बसला.

मागचे प्रवासी हलेनात. गाडी चालू आहे म्हणजे अजून पुढं जायची आहे, हा आपल्याकडचा साधा हिशोब. हा म्हणाला, "उतरा, आली नरसी." एक म्हातारबा म्हणाले, "चालू गाडीतून कसं उतरावं रे? आधी बंद तर कर." तेवढ्यात खालून चार जण आत चढले. त्यांना वाटलं, गाडी हिंगोलीला निघाली. उतरणारे बसलेले, चढणारे त्यांच्या मांडीवर, आणि हा मधोमध घड्याळ बघत बसलेला.

संध्याकाळी तो गॅरेजवर आला तो तणतणतच. "मिस्त्री, टर्बो जाऊ द्या. तुमच्या मिनिटापायी माझं गिऱ्हाईक चाललं."

*

मग आला टर्बो टायमर. काडेपेटीहून थोडा मोठा डबा, समोर लाल आकडे. चाबी काढली तरी तो इंजिन मिनिटभर चालू ठेवतो आणि मग आपणच बंद करतो. नांदेडचा एक विक्रेता पिशवीभर डबे घेऊन आला आणि आठवडाभर आमच्याच बाकड्यावर ठाण मांडून बसला. येणारा प्रत्येक जण मला विचारायचा, "मिस्त्री, बसवावा का?"

मी सगळ्यांना एकच सांगायचो, "जे काम फुकट थांबून होतं त्याला डबा कशाला? बसवाल तर वायरिंग कापावी लागंल, ते वेगळंच." विक्रेता माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या ताटात माती कालवली.

तरी डबे खपले. एकानं तर साध्या जीपवर बसवून घेतला. मी बॉनेट उघडून त्याला दाखवलं, "दादा, हिला टर्बोच न्हाई."

"माहीत हाय," तो म्हणाला. "टर्बो पुढच्या साली टाकून राहिलो."

*

डबा बसवलेल्यांची खरी फजिती हँडब्रेकनं केली. आमच्याकडे हँडब्रेक ही पिशवी अडकवायची जागा आहे. गाडी उभी करायची ती गिअरमध्ये टाकून, नाहीतर चाकाखाली दगड लावून. आता डबा असला की इंजिन चालू राहणार, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागणार. मग तिला धरणार कोण?

एका डॉक्टरसाहेबांनी ऐटीत चाबी काढली, दार लावलं आणि चढावरच्या पेशंटच्या घरात गेले. गाडी मागे सरकायला लागली. इंजिन चालू, आत कोणी नाही, अशी ती संथपणे उतारावरून खाली आली आणि कडब्याच्या गंजीत जाऊन टेकली. तिथं पोचल्यावर टायमरचं मिनिट भरलं आणि ती शहाण्यासारखी बंद झाली.

गंजीचा मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आला. माझ्याकडे का? तर डबा माझ्या गॅरेजसमोर विकला गेला होता म्हणून! वर म्हणाला, "बराबर माझ्याच कडब्यात येऊन बंद झाली. कोणी शिकवलं तिला?"

*

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पुढचं आठवलं की मला आजही राग येतो.

डोंगरकड्याचे भगवानराव. केळीचा व्यापार, पांढरी टर्बोची गाडी, मोठा आवाज. गाडी चालवायला देवला नावाचा ड्रायव्हर, जवळच्याच तांड्यावरचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, हात असा हलका की त्याच्या शेजारी बसलेल्याच्या कपातला चहा हिंदकळत नसे. देवला आधी दरसाल बायको-लेकरं घेऊन ऊसतोडीला जायचा. ही नोकरी लागली आणि त्याच्या दोन पोरी पहिल्यांदा सलग दोन वर्षं एकाच शाळेत बसल्या. हे तो मला ज्या आवाजात सांगायचा, त्या आवाजात लोक जमीन घेतल्याचं सांगतात.

त्या गाडीचा टर्बो सात महिन्यांत गेला. भगवानराव म्हणाले, "मशीनच खराब." नवा टाकला. तोही पाच महिन्यांत गेला. या वेळी मशीन खराब नव्हतं, या वेळी देवला खराब होता. माझ्या गॅरेजमध्ये, चहा पिणाऱ्या सगळ्यांसमोर त्यांनी त्याला झापलं. "तिसरा टर्बो गेला की चाबी माझ्या हातावर ठेवायची अन् कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं."

आणि माझी अक्कल बघा. मीही देवलालाच बोललो! मिनिटभर थांबायला काय होतं तुला, म्हणून. तो खाली मान घालून नटबोल्ट वेचत राहिला.

*

नवा टर्बो टाकल्यावर ट्रायलला मी मागच्या सीटवर बसलो. देवला चालवत होता, शेजारी भगवानराव. नांदेडच्या बाजूनं आम्ही जोरात येत होतो. बाळापूरच्या चौकात गाडी उभी राहिली, आणि चाकं थांबतात न थांबतात तोच शेजारच्या सीटवरून भगवानरावांचा उजवा हात आडवा आला, चाबी फिरवली आणि काढून घेतली. सवयीनं. बोलणंसुद्धा मध्ये तुटलं नाही.

मी बघतच राहिलो. म्हणालो, "मालक, मिनिटभर चालू राहू द्या की."

"उभ्या गाडीला डिझेल पाजायला मी काय येडा हाय? इहिरीवरचं इंजन आमी असंच बंद करत आलो. पाणी भरलं की बंद."

ते उतरून पानपट्टीकडे गेले. मी देवलाला विचारलं, "दरवेळी असंच?"

"व्हय."

"अन् तू सांगत न्हाईस?"

"सांगितलं होतं एकदा. म्हणाले, गाडी कोणाची हाय?" मग मागे वळून म्हणाला, "तुमी नका बोलू, मिस्त्री. तोंडावर बोललं की तिसऱ्या टर्बोची बी वाट बघणार न्हाईत. पोरींची परीक्षा हाय."

मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते. गफूरचाचांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना आपटला. "मारनेवाला एक, और सजा दूसरेकू?"

*

त्या दिवशी मला कळलं की टर्बो टायमर कोणासाठी बनवलाय. मिनिटभर थांबू शकणाऱ्या ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नाही. तो शेजारच्या सीटसाठी आहे! विक्रेत्याला शोधून एक डबा आणला. भगवानरावांना सांगितलं, "मोठ्या शहरातले सगळे मोठे लोक बसवून राहिले." हे ऐकल्यावर त्यांनी किंमतसुद्धा विचारली नाही. आता त्यांनी कितीही चाब्या काढल्या तरी इंजिन आपलं मिनिट पुरं करणार होतं. देवला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

चार दिवसांनी बाजारात बघतो तर काय, भगवानराव अडतीत आत बसलेले आणि देवला भर उन्हात गाडीला टेकून उभा.

"इथं काहून उभा?"

"मालक म्हणाले, बिना चाबीची चालू गाडी कोणी बी नेईल. बंद होईस्तोवर राखण कर."

म्हणजे मिनिटभर थांबायला लागू नये म्हणून डबा, आणि डब्याची राखण करायला मिनिटभर देवला! पण तो खूश होता. म्हणाला, "थांबू द्या. मिनिट तर भरून राहिलं." इंजिन बंद झालं तसं त्यानं बॉनेटवर दोनदा थोपटलं.

*

तीन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी भगवानराव एकटेच आले आणि म्हणाले, "तो डबा काढ."

"काहून मालक? टर्बो टिकून राहिला न?"

"परवा सोयरे होते गाडीत. मी चाबी काढली, गाडी बंदच होईना. सोयरा हसला. म्हणला, तुमची गाडी तुमचं ऐकत न्हाई वाटतं."

मी हातापाया पडलो नाही, पण त्याच्या जवळपास गेलो. टर्बो जाईल म्हणून सांगितलं. तर म्हणाले, "टर्बो ड्रायव्हरनं सांभाळायचा असतो. तू निस्ता डबा काढ." मी नकार दिला तर समोरच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यानं दहा मिनिटांत वायर तोडून डबा त्यांच्या हातात दिला. भगवानरावांनी तो उकिरड्यावर भिरकावला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मी त्या दिवशी उगाच ओरडलो.

*

जानेवारी असेल. दुपारची वेळ, बाकड्यावर चहाला सात-आठ जण. डोंगरकड्याकडून निळा धूर ओकत पांढरी गाडी आली, गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि त्याच क्षणी बंद झाली. शिट्टीसारखा एक आवाज आला आणि तो विरत विरत थांबला. तो आवाज मी ओळखतो. टर्बोचं चाक कोरडं फिरत होतं.

भगवानराव एका बाजूनं उतरले, देवला दुसऱ्या बाजूनं. मी बॉनेट उघडलं, पाइप सोडवला, आत बोट घालून चाकाचा शाफ्ट हलवून पाहिला. तो खुळखुळला. टर्बो गेला होता.

भगवानराव बाकड्याकडे तोंड करून उभे राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "तिसरा. तुमी समदे साक्षीदार हा. मी काय म्हणलो होतो?"

गफूरचाचांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, या वेळी मी बोलणारच होतो. पण देवलानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग तो चार पावलं चालून मालकाच्या समोर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याची मान वर होती.

भगवानरावांनी डावा हात त्याच्यापुढं पसरला. "ठरल्यापरमाणं. चाबी दे."

देवलानं त्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताकडे.

"मालक," तो म्हणाला, "चाबी तुमच्या उजव्या हातात हाय."