दुमडलेला कोपरा

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत नववीचे सहामाहीचे पेपर तपासत होते. तोच गठ्ठा घेऊन रविवारी इस्लामपूरला त्यांच्याकडे जायचं होतं. आधीचे दोन रविवार मीच चुकवले होते. कारण पाहुण्यांचं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं...

शाळेत सर आम्हाला गणित शिकवायचे. पेपर देताना उत्तरपत्रिकेचा वरचा कोपरा दुमडायचा आणि आत लिहायचं, किती मार्क पडतील आणि कुठल्या गणितावर आपलाच भरवसा नाही. तपासून झाल्यावरच सर तो कोपरा उघडायचे. पहिल्या चाचणीत मी वीसपैकी वीस लिहिले, पडले चौदा. वर्गात सगळ्यात जास्त तेच. शाबासकी मात्र सुनंदाला मिळाली. तिनं सहा लिहिले होते आणि सहाच पडले होते. माझा बाप कारखान्यावर पोती उचलायचा, घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, आणि पहिली येऊन मीच मान खाली घालायची? "आवं सर, नापास झालीय ती," मी म्हणाले.

"व्हय. पण कुठं अडलंय ते तिला ठावं हाय. तुला अजून न्हाई."

आठवडाभर मी सरांशी बोलले नाही. मग सुनंदाशेजारी बसून पाठ केलेली गणितं पुन्हा मांडू लागले, प्रत्येक पायरीला 'हे असंच का?' विचारत. त्या सवयीवर बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी ताठ मानेनं सांगते.

नोकरी लागल्यावर मीही दोन वर्षं कोपरे दुमडून घेतले. मग पालक म्हणाले, पोरं कमी मार्क लिहून खचतात; पोर्शनही मागं पडायला लागला. मी सोडून दिलं. फोनवर सर विचारायचे, कोपरे चाललेत ना? आणि मी हो म्हणायचे. मग एके दिवशी म्हणाले, "एकदा गठ्ठा घिऊन ये गं. पोरं काय लिवत्यात बघू दे." दोन रविवार टाळले; तिसऱ्या रविवारी खरं सांगायचं ठरवलं होतं...

दहाव्याला गेले तेव्हा काकू, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "रविवारी सकाळपासनं चष्मा पुसून बसायचे."

परतल्यावर मी पोरांना तेच सहामाहीचे पेपर वाटले, मार्क न घालता. म्हटलं, कोपरा दुमडा, लिहा. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी पण लिवा की. आमच्यातल्या किती जणांना सोडवलेलं गणित समजावून सांगता येईल?" वर्ग हसला. मी कागद दुमडून आत लिहिलं, पस्तीसपैकी तीस. मग दोन दिवस एकेकाला फळ्याजवळ बोलावलं. अकरा निघाले.

कोपरे आता भरलेत. रविवार आला की मी तो गठ्ठा पिशवीत घालते, इस्लामपूरच्या एस्टीची वेळ बघते... आणि पुन्हा टेबलावर ठेवते. सगळ्यात वर माझा कागद आहे. तो अजून कुणी तपासलेला नाही.