जुबेदाचे तीन गुलाम

"उचल ते मशीन अन् चालती हो इथून!" जुबेदा दारात आडवी उभी राहून ओरडली.

"नाई उचलत! तुझ्या दारात गंजलं तरी चालंल, माझ्या घरी परत जाणार नाई!"

"मी घेणार नाई म्हणजे नाई."

"तुझ्या बापाले घ्या लागंल!"

"माझा बाप मरून चाळीस वर्षं झाली, शकुबाई. त्याले मंधात आणू नोको."

ऑटोवाला बिचारा घामाघूम. "आजी, मले स्टेशनावरची सवारी गाठाची हाय. मशीन उतरवू का राहू देऊ?"

"उतरव!" मी म्हणाले.

"हात लावून पाह्य फक्त!" जुबेदा म्हणाली.

त्यानं काय करावं? मशीन अर्धं उतरवलं आणि तसंच छातीशी धरून उभा राहिला, बारशातल्या आत्यासारखा.

आमच्या बल्लारपूरच्या गल्लीनं खिडक्या उघडून हे भांडण ऐकलं. तुम्हीही म्हणाल, दोन म्हाताऱ्या, एक शिलाई मशीन, आणि दोघी एकमेकींना "तूच ठेव" म्हणतायत, यात भांडायचं काय? तर बसा, चहा घ्या, आणि माझी फजिती ऐका. बहात्तर वर्षांत मी फार चुका केल्या नाहीत. हसताय काय? नाही केल्या! पण ही एक अशी केली, की आठवली तरी पदर तोंडावर घ्यावासा वाटतो.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. किराण्याच्या पुड्या सोडवून त्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. पुडीच्या कागदावर बातमी नेहमी अर्धीच यायची. उरलेली अर्धी मी माझ्या मनानं पुरी करायचे. विचारायचं कुणाला नाही! ती खोड काही अजून गेली नाही.

जुबेदा माझ्या घरापासून चौथ्या दारात राहते. शिवणकाम करते. दुपारी जेवणं झाली की तिच्या ओट्यावर आमची बैठक. चिंचोक्यांवर तीन पत्ती. बावीस वर्षं! आणि या बावीस वर्षांत मी हरले नाही. म्हणजे एखादा बारीकसारीक डाव गेला असेल, पण मोठा डाव आला, चिंचोक्यांचा ढीग मधे पडला, की जुबेदा पत्ते टाकायची आणि ढीग माझ्याकडे. नियमही मीच घातलेला होता. टाकलेला पत्ता म्हणजे गेलेला माणूस, तोंड उघडून पाहायचं नाही.

आता झालं असं, की आमच्या इथल्या केबलवाल्या चॅनलनं पोकरची मालिका काढली. दर रविवारी एक भाग. पैशांचा संबंध नाही, प्लास्टिकच्या चकत्या. गंमत अशी की वेगवेगळ्या गटांतली माणसं एका टेबलावर बसवायची. निवृत्त गुरुजी, गडचांदूरचे सिमेंटवाले, बाजारातले कापड दुकानदार, बचत गटाच्या बाया. भामरागडकडच्या आश्रमशाळेचे दोन मास्तरही होते, पण पुलावर पाणी चढलं आणि ते पलीकडेच राहिले. न खेळता हरले बिचारे. पहिलं बक्षीस शिलाई मशीन. मोटारीवर चालणारं, पिको-फॉल सगळं करणारं.

बचत गटातून दोन नावं गेली. एक जुबेदाचं, एक माझं.

जुबेदानं नाव दिलं ते मशीनसाठी. तिचं पायाचं मशीन, आणि उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. डॉक्टरनं सांगितलेलं, पाय चालवणं बंद करा नाहीतर शिवणं बंद करा. शाळा उघडल्या की तिच्या दारात गणवेशांच्या कापडाचा ढीग पडतो, त्यावरच तिचं वर्ष चालतं.

आणि मी नाव कशाला दिलं? टीव्हीवर दिसायला! खोटं कशाला बोलू? मला सुईत दोरा घालता येत नाही.

पोकर मी नातवाच्या मोबाईलवर पाहून चार दिवसांत शिकले. सोपं आहे. दोन पत्ते आपल्या हातात, पाच पत्ते मधोमध उघडे, ते सगळ्यांचे. त्यातून ज्याचे पाच भारी जुळले तो जिंकला. किंवा मग आपल्या चकत्या अशा काही पुढे सारायच्या, की समोरच्यानं घाबरून पत्ते टाकावेत. मला ही दुसरी रीत फार आवडली. जन्मभर संसार मी त्याच रीतीनं केलाय.

खेळाच्या जागी दिवेच दिवे. टेबलाच्या कडेला प्रत्येकापुढे एक छोटी काच बसवलेली. सूत्रसंचालन करणारी पोरगी म्हणाली, "आजी, पत्ते आले की या काचेवर ठेवा आणि कोपरा उचलून पाहा."

काच कशासाठी, हे मी विचारलं का? छे! बँकेत नोटा खऱ्या-खोट्या पाहायचं यंत्र असतं ना, तसं पत्ते तपासायचं यंत्र असणार, असं माझं मी ठरवून टाकलं. जुबेदालाही सांगितलं. ती म्हणाली, "असंल." माझ्यावर तिचा फार विश्वास.

तर एकेक गट गारद होत गेला. सिमेंटवाले सगळ्यात आधी. दुकानदार हसत हसत गेले. एक पांढऱ्या मिशांचे गुरुजी शेवटपर्यंत चिकटून होते, त्यांनाही मी घाबरवून उठवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि जाता जाता मला म्हणाले, "बाई, तुम्ही खेळत नाही, दम देता." मी म्हटलं, "तुम्ही शाळेत काय करत होता?"

आणि उरलो कोण? जुबेदा आणि मी!

शेवटचा डाव. वेळ संपली होती, या डावानंतर जिच्यापुढे चकत्या जास्त ती जिंकली, असं ठरलेलं. मधोमध पडले एक गुलाम, दोन नव्व्या, चव्वी, दुर्री. माझ्या हातात राजा आणि सत्ती. म्हणजे काहीच नाही. बाजारात रिकामी पिशवी घेऊन गेल्यासारखं. पण मी काय केलं? होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे लोटल्या आणि जुबेदाकडे डोळे वटारून पाहिलं.

जुबेदानं काचेवरच्या पत्त्यांचा कोपरा पुन्हा उचलला. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पत्ते उलटे करून सरकवून दिले.

जिंकले! मी खुर्चीवरून उठले, आणि सगळ्या दिव्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर काय म्हणाले माहीत आहे? "जुबेदा, तुले कापड कापता येते, पण काळीज नाई तुझ्यापाशी!"

ती हसली. मला वाटलं, ओशाळून हसली.

मशीन घरी आलं. महिनाभर त्यावर लोणच्याची बरणी होती.

हो. बरणी. चार दारं पलीकडे ती सुजल्या गुडघ्यानं गणवेश शिवत होती, पायाच्या मशीनचा खडखडाट माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि नव्या मशीनवर माझं लोणचं मुरत होतं. माझ्या मनात आलं नाही का? आलं. पण म्हटलं, जिंकलेली वस्तू आहे. तिला हवी असेल तर ती मागेल, मग देऊ. मागितल्याशिवाय दिली तर जिंकल्याचा मान काय राहिला? असा माझा हिशेब.

आणि तोंड माझं काही बंद नव्हतं. राशनच्या रांगेत, गडचांदूरच्या एसटीत, देवळाच्या पायरीवर, जिथं चार कान दिसतील तिथं तो डाव. बचत गटाच्या बायांना तर मी शिकवणीच लावली. समोरच्याचा चेहरा कसा वाचावा! "जुबेदा घाबरली का तिची डावी भुवई वर जाते. बावीस वर्षांचा अभ्यास हाय माझा." बाया वहीत लिहून घेत होत्या हो!

शेवटचा भाग टीव्हीवर लागायचा होता त्या रविवारी मी समाजमंदिरात मोठा पडदा लावायला लावला. म्हटलं, सगळ्यांनी एकत्र पाहू. सोबत माझा सत्कार. शाल-श्रीफळ गटाकडून, कल्पना माझी. गुरुजींनाही बोलावलं, हरलेला माणूस समोर असला की सत्काराला शोभा येते. आणि जुबेदाला? पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. तिला गणवेश द्यायचे होते, यायचं नव्हतं. मीच हाताला धरून आणलं.

शेवटचा डाव आला. मी अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काठी घेऊन पडद्यापाशी उभी राहिले.

"हां, आता तिच्या भुवईकडं पाहा!" मी काठी पडद्यावर टेकवली. "पाहा कशी घाबरली!"

कुणी भुवईकडं पाहत नव्हतं. सगळे पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहत होते. तिथं छोटे छोटे पत्ते दिसत होते.

मी माझ्या सुनेला, वैशालीला विचारलं, "हे कोणाचे पत्ते दाखवून राह्यले वो?"

वैशाली खाली मान घालून म्हणाली, "डावीकडचे तुमचे, आई. राजा अन् सत्ती. उजवीकडचे जुबेदा मावशीचे."

उजवीकडे दोन गुलाम होते.

ती काच म्हणजे कॅमेरा होता! टेबलावरच्या प्रत्येकाचे पत्ते बघणाऱ्यांना दिसावेत म्हणून बसवलेला! आधीच्या भागांत मी फक्त स्वतःचं तोंड पाहत होते, खालच्या कोपऱ्याकडं कोण पाहतंय? साऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीला कळलं, फक्त मलाच कळलं नव्हतं.

गुरुजींनी बोटांवर मोजलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कुणाच्या लग्नात पाहिला नाही. "हातातले दोन अन् मधला एक, तीन गुलाम. मधल्या दोन नव्व्या. अहो, हे तर फुल हाउस! शकुंतलाबाई, तुमच्याकडं काहीच नव्हतं. यांनी डोळे मिटून जरी चकत्या लोटल्या असत्या तरी जिंकल्या असत्या!"

आणि नेमका तेव्हाच पडद्यावर माझा आवाज घुमला. "काळीज नाई तुझ्यापाशी!"

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला. जुबेदा पडद्याकडं पाहतच नव्हती, माझ्याकडं पाहत होती. मग उठली. "दूध ठेवून आली मी गॅसवर," म्हणाली आणि लंगडत निघून गेली. तिनं दूध ठेवलेलं नव्हतं, हे न कळण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

सकाळी उठून बरणी उतरवली. मशीनवर तेलाचा गोल डाग पडला होता. राख घेऊन घासला, नीट गेला नाही. ऑटो बोलावला आणि मशीन घेऊन तिच्या दारात गेले. पुढचं तुम्ही सुरुवातीला ऐकलंच आहे. ऑटोवाला मशीन छातीशी धरून उभा.

"काऊन टाकले पत्ते?" मी विचारलं. "मले भीक घातली?"

"भीक कायची? माझे पत्ते, माझी मर्जी."

"तुले मशीन पाह्यजे होतं! गुडघा पाह्य तुझा! तीन गुलाम हातचे सोडते कोणी?"

"सोडले. झालं."

"काऊन, हे सांग. नाईतर मी इथंच बसतो धरणं देऊन."

जुबेदा उंबऱ्यावर टेकली. पाय लांब केला. आवाज एकदम खाली आला तिचा.

"माझ्या पोरीचं, नजमाचं लग्न झालं त्या साली तू एक डाव हरली होती. आठवते? माझ्याशी आठ महिने बोलली नाई तू. ईदले शीरखुर्मा पाठवला, तं डबा तसाच परत. झाकणसुदिक उघडलं नव्हतं." ती गुडघा चोळू लागली. "गुडघा दुखला तं मलम लावता येते, शकुबाई. तू रुसली तं दुपारी मी कोणासंगं बसू?"

तो डबा मला आठवत होता. पितळी, झाकणावर वेल कोरलेला. आत काय आहे हे मला वासावरून कळलं होतं, भूकही लागली होती, तरी परत पाठवला. हातात पत्ते असते तर तोंडापुढे तरी धरले असते.

"आजी," ऑटोवाला म्हणाला, "माझे हात गळून राह्यले."

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी याआधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. नवऱ्यालाही नाही. "घे मशीन. डाग पडला हाय एक. लोणच्याचा."

जुबेदानं उठून तो डाग पदरानं पुसून पाहिला. मग ऑटोवाल्याला म्हणाली, "ठेव बाबा आत. खिडकीपाशी."

इथं मी गप्प बसायला हवं होतं की नाही? तुम्ही बसला असता. कुणीही शहाणं माणूस बसलं असतं. पण माझी जीभ! ऑटो वळला, आणि मला वाटलं, सगळंच कसं हरून जावं?

"पण एक कबूल कर, जुबेदा," मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. "टीव्हीवरचा हा एक डाव तू सोडला, मानलं. पण त्या रुसण्यानंतर बावीस वर्षं या ओट्यावर तुले हरवलं, ते माझ्या अकलेनंच!"

जुबेदानं नव्या मशीनच्या चाकावरून हात फिरवला, मला बसायला पाट सरकवला आणि म्हणाली,

"ओट्याले कॅमेरा नव्हता, शकुबाई."