बिनसीटचे साडू

माणूस गाडी घेतो ती कुठंतरी लवकर पोचावं म्हणून. कुठंही न पोचण्यासाठी, आणि तेही जमेल तितकं सावकाश न पोचण्यासाठी ज्यानं मोटरसायकल घेतली असा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं मुळातच नशिबावर सोडलेलं असतं. आपण बायको बघून हो म्हणतो; तिच्या बहिणीला पुढं कोण मिळणार, यावर आपला काडीचा ताबा नसतो. मला हे मिळाले. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, एका सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी, अंगानं काटकुळे, बोलायला मऊ, सुपारीचंही व्यसन नाही. लग्नाआधी चौकशीला सासऱ्यांनी मलाच पाठवलं होतं आणि मी परत येऊन, मुलगा म्हणजे अगदी गरीब गाय आहे, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ही गाय पुढं कडे चढू लागेल हे मला तरी कुठं माहीत होतं?

या सगळ्याला कारण शहागंजातला एक रद्दीवाला. त्याच्या ढिगात साडूंना एक विलायती मासिक सापडलं, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्यात मोटरसायकलवर उभी राहून दगडांवर चढणारी माणसं होती. या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. यात शर्यत नाही, घाई नाही. ओढे, दगडगोटे, उभे चढ यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढंच. पाय टेकला की एक गुण बोकांडी बसतो, आणि ज्याला शून्य गुण तो पहिला. साडूंनी हे आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. माझी मेहुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मार्कांच्या बाबतीत महाकडक. हेडमास्तरांच्या भाच्यालाही तिनं कधी अर्धा मार्क फुकट दिला नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग आमच्या वर्गातली अर्धी पोरं या खेळात पहिली येतील. साडूंना हा त्यांच्या खेळाचा गौरव वाटला.

आता गाडी निवडायची. आम्ही सगळ्यांनी नवी घ्या म्हणून सांगितलं. साडूंचं म्हणणं असं की दुकानातल्या गाडीला वळण नसतं, गाडी घ्यावी ती दूधवाल्याची. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून खड्ड्यांतून हळूहळू चालण्याची तिला सवय असते. म्हणून आम्ही गंगापूरला गेलो. साडू मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकऱ्याचं पोर. त्यांच्या वडिलांनी पाचोडच्या बाजारात जसे बैल पारखले असतील, तशी यांनी गाडी पारखली. पुढून पाहिली, मागून पाहिली, पोटाखालून हात फिरवला, टाकीला कान लावला, मागचं चाक उचलून वजन घेतलं. दूधवाला बिचारा गाडीचं कौतुक करत होता, लई पळती म्हणून, वारं लागत नाय हिला म्हणून. तो जसजसा सांगत होता तसतसा साडूंचा चेहरा उतरत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "हळू किती चालती?" हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा. तो विचारात पडला आणि म्हणाला, "म्हैस आडवी आली की चालती हळू." साडूंनी तिथल्या तिथं व्यवहार पक्का केला. गाडीला दुधाचा आंबूस वास होता तो पुढं कित्येक महिने गेला नाही, आणि साडू गल्लीत शिरले की मागून मांजरं चालत यायची.

गाडी वडिलांना दाखवायला देवगावला नेली तेव्हा मी स्कूटरवरून सोबत गेलो होतो. म्हाताऱ्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि हिच्यावर माणसं किती बसतात ते विचारलं. एकही नाही, साडू म्हणाले. मग ओझं न्यायला आहे का? नाही. मग लई पळत असेल? नाही, मुद्दाम हळू चालवायची, आणि रस्ता नसेल तिथूनच. वडिलांनी लेकाकडं बघणंच सोडलं आणि मला बाजूला घेतलं. "पाहुणं, तुमी शहाणे हायेत. ह्याला उन्हात जाऊ देत जाऊ नगा," एवढंच ते बोलले.

बसायला एकही जागा नाही याचं कारण, सीटच नव्हतं. गाडी घरी येताच साडूंनी ती कलीम मिस्त्रीच्या हवाली केली. शहरातला हा एकमेव मिस्त्री असा होता की जो कशालाही नाही म्हणत नसे. त्यानं सीट काढलं, कॅरियर काढलं, मडगार्ड काढले, हॉर्न काढला, दिवे काढले. काढलेल्या सामानाचं पोतं गाडीपेक्षा मोठं झालं. मग चेनचं मागचं चक्र परातीएवढं आणि पुढचं बिस्किटाएवढं बसवलं, म्हणजे गाडी आणखी हळू झाली. कलीम मिस्त्री म्हणायचा, "लोगां स्पीड बढ़ाने कू आते साब, तुम घटाने कू आते." पण घटवून द्यायचा. त्यातच एक दिवस मेहुणीचा भाकरीचा तवा नाहीसा झाला. माहेरून आणलेला, चांगला जड लोखंडी तवा. तिनं घर धुंडाळलं, शेजारणीवर संशय घेतला, दोन दिवस आमच्याकडं येऊन भाकरी भाजल्या. तिसऱ्या दिवशी गाडी आडवी पडली तेव्हा तवा दिसला. दगडाचा मार बसू नये म्हणून साडूंनी तो इंजिनाच्या पोटाला नटबोल्टानं आवळला होता. असा बाक दुसऱ्या कशालाच नाही, असं त्यांचं म्हणणं. मेहुणी काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही, मास्तरीण असली म्हणून काय झालं.

चाकांत हवा अगदी कमी ठेवायची, दगडाला टायर चिकटतं म्हणून. पण रस्त्यावरच्या भल्या माणसांना ते बघवत नसे. जो तो हात करून थांबवायचा आणि हवा कमी आहे म्हणून सांगायचा. साडू प्रत्येकाला थांबून ट्रायल्स म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून द्यायचे, त्यामुळं कचेरीत पोचायला उशीर. एकदा ते चहा प्यायला गेलेले बघून पैठण गेटजवळच्या एका पंक्चरवाल्यानं पुण्य म्हणून दोन्ही चाकांत टम्म हवा भरून ठेवली. साडू चार दिवस उदास होते. घरात कुणी गेल्यासारखे वागत होते.

पाय न टेकवण्याचा सराव अहोरात्र चालू. दाढी एका पायावर. आंघोळीनंतर धोतर एका पायावर. क्रांती चौकात लाल दिवा लागला की सगळं जग पाय टेकवून उभं राहतं. साडू मात्र हँडल तिरकं करून गाडीवर ताठ उभे, दीपस्तंभासारखे, ना पुढं ना मागं. ते बघत राहिल्यामुळं रिक्षावाल्यांचा हिरवा दिवा निघून जायचा. शेवटी एका हवालदारानं बाजूला घेतलं आणि सीट कुठंय ते विचारलं. काढून ठेवलं, साडू म्हणाले. का काढलं? "सीट असलं की माणूस बसतो," साडूंनी मऊ आवाजात सांगितलं. हवालदारानं वाकून गाडीच्या पुढं पाहिलं. मग त्यानं दिव्याची चौकशी केली, तेव्हा साडूंनी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून हेडलाइट काढून दाखवला. हवालदारानं दोन्ही हात जोडले आणि माझी ड्युटी संपायलीय, तुम्ही जावा, म्हणाला. या सीटपायी मेहुणीला मात्र लग्नानंतर नवऱ्याच्या गाडीवर बसणं म्हणून मिळालं नाही. कुठं जायचं झालं की ती आमच्या स्कूटरवर तिसरी, आणि साडू उभ्यानं, सगळ्यांत मागं.

एवढं सगळं कशासाठी, तर एका दगडासाठी. साताऱ्याला, म्हणजे आमच्या शहराला लागून असलेल्या सातारा गावात, खंडोबाच्या देवळाच्या मागं जो डोंगर आहे, त्याच्या उतारावर एक काळाकभिन्न दगड होता, छातीएवढा उंच, पुढं निसरडा मुरूम. साडूंनी त्याचं नाव म्हातारा ठेवलं होतं. पाय न टेकवता म्हाताऱ्यावर चढायचं, एकदा, एवढीच त्यांची इच्छा. दर रविवारी सकाळी ते "म्हाताऱ्याकडं जाऊन येतो" म्हणून निघायचे, आणि गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांना सांगायच्या, बघा, वडिलांची सेवा अशी करावी. पुष्कळदा हे सेवा करून लंगडत यायचे. कधी मुरमावर चाक फिरायचं, कधी मध्यावर इंजिन बंद पडायचं, आणि बहुतेकदा वर पोचता पोचता पाय टेकायचा. मग ते खाली येऊन पुन्हा सुरू करायचे. मी एकदा वैतागून विचारलं की वर पोचलात ना, मग पाय टेकला तर बिघडलं कुठं? ते नेहमीसारखं हसले नाहीत. म्हणाले, "साडूभाऊ, कचेरीत मी जन्मभर साहेबांच्या रेघा गिरवतो. म्हाताऱ्यावरून जायची वाट ही मी माझ्या मनानं काढलेली रेघ आहे. ती एकदा कुठं न खोडता पुरी व्हावी, बस." त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही, असं म्हणणार होतो, पण केली, थोडी कमी केली.

मग शहर साताऱ्याकडं सरकलं. उतारावर प्लॉट पडले, चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या, आणि एका शनिवारी साडू बातमी घेऊन आमच्या घरी आले. दगड फोडायचं मशीन आलं होतं. सोमवारी म्हाताऱ्याचा नंबर होता. तोवर त्यांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, गुडघा कुरकुरायला लागलेला, आणि गाडीही त्यांच्याइतकीच थकलेली. रविवारी आम्ही सगळे निघालो. माझ्या बायकोनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. कलीम मिस्त्री पान्यांची पिशवी घेऊन आला. मेहुणी, जी इतकी वर्षं त्या दगडाचं तोंड बघायला तयार नव्हती, ती सुती साडी नेसून सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

सकाळपासून साडू दहादा तरी पडले असतील. क्लचचा जळका वास सुटला तसा कलीम मिस्त्री मान हलवायला लागला. प्लेटा संपल्यात, आता एकदाच होईल, जास्त नाही, असं त्यानं मला हळूच सांगितलं. साडूंनाही ते कळलं असावं. ते उतरून म्हाताऱ्याजवळ गेले, त्याच्यावर हात फिरवला, मागं येऊन गाडीवर उभे राहिले आणि निघाले. इतकं हळू की आम्हाला टायरखालचा एकेक खडा ऐकू येत होता. पुढचं चाक दगडाला लागलं, वर उचललं गेलं, तवा खर्रकन घासला, गाडी डावीकडं कलली, सावरली, आणि साडू वर. वर पोचून गाडी तिथंच बंद पडली, कायमची. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तसे साडू वरून आमच्याकडं बघत राहिले, आणि काय विचारताहेत ते सगळ्यांना कळलं.

"नाही टेकला," मेहुणी म्हणाली, वर्गात निकाल वाचावा त्या आवाजात. माझ्या बायकोनं लगेच री ओढली. मी तर टेकला असेल तर स्कूटर विकतो म्हणालो. राहिला कलीम मिस्त्री. तो पाच वक्ताचा नमाजी; तो आभाळाकडं बघत म्हणाला, "मैं तो चेन कू देख रहा था, साब."

साडूंनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "टेकला. डावा. जरासाच, पण टेकला."

मेहुणीला हुंदका आवरला नाही. आम्ही सगळे मिळून म्हणतोय तर घ्यायला काय झालं तुम्हाला, म्हणून ती भांडायलाच उठली. साडू दगडावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगं, तू खोटं बोललीस माझ्यासाठी. आता शून्य घेऊन करू काय?" मग आम्ही सगळे म्हाताऱ्यावर चढून बसलो आणि दशम्या खाल्ल्या. उन्हं कलेपर्यंत कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथं मशीन लागलं.

पुढं कितीतरी वर्षं मी पाहुण्यारावळ्यांत ही गोष्ट रंगवून सांगत असे, आणि पाय टेकला नाही असंच सांगत असे. साडू तिथं असले की मला मध्येच तोडून, टेकला होता, म्हणायचे आणि माझ्या गोष्टीचा पार विचका करायचे. मला राग यायचा. आता साडू नाहीत. मध्ये तोडणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर मी खुशाल सांगू शकतो, पण सांगवत नाही. त्यांच्या वाटचं मीच सांगून टाकतो, की टेकला होता, डावा. परवा त्यांच्याच घरी नातवंडांना असं सांगत होतो. मेहुणी कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"नाही टेकला, दाजी," ती म्हणाली. "मी समोर उभी होते."

मी वाद घातला नाही. पोरांना म्हणालो, आजी सांगते तेच खरं.