निळ्या भिंतीविषयी खुलासा

आमच्या शहरात पर्यटक येतात ते धबधब्यासाठी. धबधबा पाहायला अर्धा तास पुरतो. पुढे त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या वर्षी मोबाईलवरची एक भ्रमंती तयार झाली. बसस्थानकापासून निघायचे, खांबांवरील बाणांनुसार चालायचे, आणि जुन्या इमारतीसमोर लावलेला काळा-पांढरा चौकोन मोबाईलने टिपायचा. म्हणजे त्या इमारतीच्या बांधणीची माहिती कानात ऐकू येते. वाटाड्या लागत नाही. वाटाड्या नसल्यामुळे वाद घालायलाही कोणी नसते, आणि माझ्या मते या रचनेतील मुख्य दोष तोच आहे.

गेल्या श्रावणात मी ती भ्रमंती एकट्याने पूर्ण केली. पहिल्या थांब्यावरील औषधांच्या दुकानाला पोर्तुगीज काळातील गोदाम म्हटले आहे. ते खोटे आहे. गोवा मुक्त झाल्यानंतरही त्या जागी काजूची झाडे मी पाहिलेली आहेत. दुकान बांधणारा गवंडी सावंतवाडीकडचा होता. त्याने चर्चच्या कमानी रस्त्यावरूनच पाहिल्या होत्या. म्हणून दुकानाच्या कमानी बाहेरूनच कमानी आहेत, आत सरळ तुळया आहेत. पुढे एका घराचा जिना थेट रस्त्यावर का उतरतो, याचे कारण वाऱ्याची दिशा असे सांगितले आहे. खरे कारण वाटणी हे आहे. माडी धाकट्याच्या वाट्याला आली आणि थोरल्याने त्याला आपल्या ओटीतून जाऊ दिले नाही. वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

त्यानंतरचा थांबा माझे घर.

मी रस्त्याच्या पलीकडे, पर्यटक उभे राहतात तिथे उभा राहिलो. समोरचा दुकानदार मालवणकडचा. त्याने ही संधी सोडली नाही.

"काय ओ भाऊ, तुमचा घर मोबायलात इला म्हणे. भाडा गावता काय?"

"गावते. मोबाईलातच गावते," मी म्हटले. "तुझ्या दुकानाला तेही नाही."

"माझ्या दुकानाक गिऱ्हाईक आसा. तुमच्या घराक नुसते फोटो काढणारे."

कानात एक मुलगी सांगत होती की हे पोर्तुगीज शैलीचे घर आहे. खरे तर चिरे मुळगावच्या बाजूचे, गवंडी आमच्याच तालुक्यातील आणि आराखडा माझ्या वडिलांनी मातीत काठीने काढलेला. पण त्याविषयी मी इतक्या लोकांशी भांडलो आहे की तिथे मी थांबलो नाही. थांबलो पुढच्या वाक्याला. बल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओट्याच्या भिंतीवरील ओसरलेला निळा रंग मालकांनी जाणीवपूर्वक जपला आहे, असे ती म्हणाली.

मी काहीही जपलेले नव्हते. आमच्याकडे दर वर्षी चतुर्थीपूर्वी या भिंतीला चुना आणि नीळ लावतात. ज्या वर्षी घरात मृत्यू होतो त्या वर्षी लावत नाहीत. एका पावसाळ्यात आमचा निळा रंग पांढुरका पडतो. त्यात जाणीव वगैरे काही नसते. त्याच वर्षी वैशाखात माझी पत्नी गेली होती. सकाळी तिने चहा गाळला आणि दुपारी ती नव्हती. त्या दिवसाचे मला फारसे काही सांगता येणार नाही. संध्याकाळी पाववाला पोदेर नेहमीप्रमाणे दोघांचे पाव सोप्यावर ठेवून गेला. मी त्याला काही सांगितले नाही आणि तो पुढे पुष्कळ दिवस तसेच ठेवत राहिला.

भ्रमंतीच्या चौकोनाखाली दूरध्वनी क्रमांक होता. मी तक्रार केली. आवाजाची मालकीण, वास्तुकला शिकलेली पणजीची मुलगी, पुढच्याच रविवारी आली. तिने कमानींविषयी आणि जिन्याविषयी सगळे निमूटपणे लिहून घेतले. भिंतीपाशी येताच ती म्हणाली, "मग इथे काय लिहू, काका?"

"यंदा रंग लावलेला नाही, एवढे लिही."

"लोक विचारतील, का नाही?"

"घरात मृत्यू झाला."

तिने एक वाक्य लिहिले. मग तिने वाचून दाखवले: पत्नीच्या स्मरणार्थ मालकांनी ही भिंत यंदा रंगवलेली नाही.

"स्मरणार्थ नव्हे," मी म्हटले. "स्मरणार्थ लोक बाकडी देतात. ही रीत आहे. मला बायकोची आठवण आली नसती तरी भिंत अशीच राहिली असती."

तिने ते वाक्य खोडले. चहा मात्र घेतला.

यंदा वर्षश्राद्ध झाले. श्रावण लागताच त्या मुलीचा फोन आला. भिंत आहे तशीच ठेवता येईल का, लोकांना सगळ्यांत तीच आवडते, असे तिने विचारले. मी तिला ताबडतोब नकार द्यायला हवा होता. दिला नाही. त्या भिंतीवर शेवटचा हात माझ्या पत्नीचा होता, हे मला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलेले नव्हते. मी स्वतःही नाही. भिंत तशीच ठेवली असती तर तो हात राहिला असता, आणि त्या मुलीचे पहिले, खोटे वाक्य खरे झाले असते.

मुलगा वेर्ण्याहून आला होता. मी त्याला विषय सांगितला.

"राहू द्या ना, बाबा. आईचा रंग आहे."

"तुझ्या आईने एका चतुर्थीचा रंग दुसऱ्या चतुर्थीला कधी राहू दिला?"

"तेव्हा ती होती."

"म्हणूनच सांगतो. जुनी भिंत दिसली असती तर ती आधी तुला ओरडली असती, मग मला."

तो हसला नाही, पण चुन्याचे पिंप बाहेर काढायला उठला.

चुना आम्ही भिजवला. नीळ किती घालायची हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ओला चुना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळे माझी पत्नी आधी विहिरीजवळच्या चिऱ्यावर कुंचल्याचा एक फटकारा मारून ठेवी, तो पूर्ण वाळू देई, आणि मगच भिंतीला हात लावी. मला ते फटकारे आठवतात, प्रमाण आठवत नाही. मुलाने चिऱ्यावर एक ओढला, मी त्याखाली दुसरा ओढला, आणि पावसाळी हवेत ते वाळण्याची वाट पाहण्यावरून आमचा वाद झाला. शेवटी अंदाजाने रंग कालवून आम्ही सबंध भिंत झाकली. जुना रंग कुठेही ठेवला नाही. मुलाने दाराच्या वरचा भाग तसाच सोडला होता. तो मी शिडीवर चढून पुरा केला.

वाळायला वेळ लागला. वाळल्यावर मुलगा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

"बघा, तोच रंग आला," तो म्हणाला.

"तो नाही."

"तोच आहे, बाबा."

"तिच्या निळ्यात थोडी राखाडी झाक असे. हा उजळ आहे."

तो परत आला आणि अगदी जवळून भिंत पाहत राहिला. "मग पुढच्या वर्षी नीळ कमी घालू," म्हणाला, आणि कुंचले धुवायला विहिरीकडे गेला.