आक्काच्या दंडातला छर्रा

आक्काच्या उजव्या दंडात एक छर्रा होता. नवीन ओळख झाली की ती पदर सारून दंड पुढे करी आणि म्हणे, "हात लाव. लागतोय न्हवं?" कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक लागे आणि बोटाखाली सरके. डॉक्टर काढून द्यायला तयार होते, पण तिने त्यांना हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या. साक्षीदार हाय त्यो."

बाहेरगावच्या पक्षी-शिकाऱ्यांना स्थानिक वाटाड्या सक्तीचा असावा का, असा वाद तुमच्या तिकडे परदेशात चालू आहे आणि त्यावर तुम्ही नातवंडांनी माझं मत विचारलंत. असावा. हे मत माझ्या कॉलेजातल्या इंग्रजी पुस्तकांतलं नाही. ते आक्काचं आहे. म्हणून आधी आक्का सांगते.

साठच्या दशकात तुमचे आजोबा कागलच्या पुढे कालव्याच्या कामावर इंजिनिअर होते आणि आम्ही तिथल्याच एका खेड्यात घर घेऊन राहत होतो. आक्का पोलीस पाटलांची आई. तिच्याहून थोरली माणसंही तिला आक्काच म्हणत. थंडीत शाळूची ज्वारी कमरेच्या वर आली की तिच्यात तित्तर आणि लावे उतरत, आणि रविवारी पहाटे त्यांच्यामागून जीपगाड्या. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे.

गावात एकाही घरी संडास नव्हता. उजाडायच्या आत बायका कुठे जातात, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. असलंच तर बंदूक हातात आल्यावर आठवत नाही. आक्का टमरेल घेऊन शाळूत बसली होती. जीपमधून आलेल्या पावण्यांना शाळू हललेला दिसला.

दंड बरा होताच तिने मुलाकडून नियम करवून घेतला: गावचा माणूस घेतल्याशिवाय बाहेरच्या बंदुकीने बांध ओलांडायचा नाही. हा मान बहुधा मुबारकला मिळे. तो कापूस पिंजायचा, आणि त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. प्रत्येक बांधावर तो आधी ओरडे, "पावणं आल्यात गंऽऽ!" आत कोणी असेल तर बांगड्या वाजत, आणि मुबारक शिकाऱ्यांना दुसऱ्या अंगाने वळवी. पाखरंही अर्थात उडून जात. कोणी कुरकुर केली की आक्का म्हणे, "उडाली तर उडू द्यात की. बायका काय उडत्यात व्हय?"

एका रविवारी पहाटे तुमच्या आजोबांचे मुंबईचे साहेब आले. आजोबांची बढती त्यांच्या हातात होती. मुबारकचं ओरडणं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांना तो नको होता. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून पाटलांच्या दारात मला मध्ये उभं केलं. साहेब इंग्रजीत म्हणाले, "माझ्याकडे परवाना आहे, हे त्या बाईंना सांगा." मी सांगितलं.

"लायसन पाखरांचं हाय न्हवं?" आक्का म्हणाली. "त्यात माझ्या सुनांची नावं हायत का, इचार की वैनी."

तुमचे आजोबा जमिनीकडे बघत होते. मी शब्दन् शब्द साहेबांना सांगितला. त्यांनी बंदूक उचलली आणि शेताची वाट धरली. आक्का त्यांना आडवी गेली नाही. ती पुढे निघाली, झपाझप, आणि पहिल्या बांधावर उभी राहून मुबारकलाही लाजवील अशी ओरडली, "उठा गं समद्याजणी! पावणं बिनवाटाड्याचं आल्यात!"

पाखरं भर्रकन उडाली. आणि साहेबांच्या बंदुकीची नळी जिकडे होती, नेमक्या त्याच शाळूतून एकामागून एक बायका उभ्या राहिल्या, हातात टमरेल, पदर तोंडावर. त्यांत आक्काची धाकटी सून होती, दिवस भरत आलेली.

साहेबांनी बंदूक मधोमध उघडून काडतुसं बाहेर काढली. आक्काने त्यांचा हात धरला आणि आपल्या दंडावर ठेवला. त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

"चला पावणं, च्या घ्या," ती म्हणाली. त्यांनी घेतला. परत मात्र ते कधी आले नाहीत. तुमच्या आजोबांची बढती वेळेवर झाली, आणि सुनेला मुलगी झाली.

पुढे कायद्याने शिकार बंद झाली, आमचीही बदली झाली. आक्काला मी शेवटची भेटले तेव्हा तिला माणसं ओळखू येत नव्हती. तरी मी जवळ बसल्यावर तिने दंड पुढे केला. "हात लाव. हाय न्हवं?" मी म्हटलं, "हाय की, आक्का."

तुमच्या घरी आले की मी कुठल्याही खोलीत शिरण्याआधी बाहेरूनच मोठ्याने "येतेय गं" म्हणते आणि तुम्ही हसता, दार तर उघडंच आहे, आजी! असू दे उघडं. आतून कोणीतरी ओ दिल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही.